वक्तृत्वाची इयत्ता

इ. स. ३८६ च्या शरद ऋतूत मिलान शहरातील एका नामांकित अध्यापकाने आपली जागा सोडली. द्राक्षांच्या सुगीची सुट्टी जवळ आली होती. मध्येच वर्ग टाकून लोकांच्या तोंडी विषय होणे त्यास नको होते. म्हणून तेवढे वीसएक दिवस त्याने निमूटपणे काढले. सुट्टी संपताच छातीच्या विकाराचे कारण देऊन त्याने नगरवासीयांस कळविले की, आपल्या मुलांसाठी शब्दांचा दुसरा एखादा व्यापारी पाहावा. हा अध्यापक म्हणजे पुढे ख्रिस्ती जगात संतपदास पोहोचलेला ऑगस्टिन होय. तो शिकवीत असे तो विषय म्हणजे ऱ्हेटरिक, अर्थात वक्तृत्वशास्त्र.

छातीचे दुखणे खोटे नव्हते. पण त्याहून मोठे दुखणे मनाचे होते. दोनच वर्षांपूर्वी, ३८४ मध्ये, रोमचा नगराधिकारी सिम्माकस याच्या शिफारशीने त्याची मिलानला नेमणूक झाली होती. मिलान त्या काळी सम्राटाचे निवासस्थान असल्याने वक्तृत्वाच्या अध्यापकाकडे सम्राटाच्या स्तुतिपर भाषणाचे कामही येई. असे एक भाषण करावयाचे असता वाटेत त्यास मद्याने आनंदित झालेला एक भिकारी दिसला. आपण रात्रंदिवस खपून ज्या समाधानाच्या मागे लागलो आहो ते या माणसाने भिकेच्या चार नाण्यांत मिळविले, असे त्याच्या मनात आले. आपण खोटे बोलणार, ते खोटे आहे हे ऐकणाऱ्यांस ठाऊक असणार, आणि तरीही त्याच खोट्यासाठी ते आपणांस वाखाणणार, ही आपली स्थिती त्याने पुढे 'कन्फेशन्स' या आत्मनिवेदनात निर्भीडपणे लिहून ठेविली आहे.

परंतु त्याच आत्मनिवेदनात याच्या अगदी उलट अशाही दोन हकिगती आहेत. एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचा 'होर्टेन्सियस' हा ग्रंथ त्याच्या हाती पडला तो केवळ पाठ्यपुस्तक म्हणून, भाषा घासूनपुसून घेण्यासाठी. पण त्या वाचनाने त्याच्या मनात सत्याची तहान उत्पन्न झाली. मिलानचा बिशप अँब्रोज याच्या प्रवचनांसही तो जाई तो त्याचे वक्तृत्व पारखण्यासाठी. काय सांगितले जाते याविषयी तो बेपर्वा होता. पण शब्दांसाठी उघडलेल्या दारातून अर्थही आत शिरला. म्हणजे ज्या विद्येने त्यास दरबारातील खोटेपणास लाविले, तिनेच त्यास त्या खोटेपणातून बाहेरही काढले.

ख्रिस्ती शिक्षणपरंपरेत वक्तृत्वास जे स्थान मिळाले, त्याचा सारा इतिहास आम्हांस या विरोधात साठविलेला दिसतो. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती इतरांची मने वळविण्याची विद्या द्यावी की न द्यावी? दिली तर तो तिचे काय करील याची हमी कोणी घ्यावी? या प्रश्नाचे उत्तर या शाळांनी काय दिले आणि त्याचे फळ काय झाले, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम ही विद्या होती तरी काय, हे सांगितले पाहिजे. रोमन मुलगा आधी व्याकरणाच्या शिक्षकाकडे जाई आणि व्हर्जिलादी कवी वाची. नंतर तो वक्तृत्वाच्या शिक्षकाकडे येई. या शास्त्राची पाच अंगे मानीत: काय बोलावे याचा शोध, त्याची मांडणी, शैली, स्मरण आणि अखेर उच्चार व हावभाव. आपल्याकडे वक्तृत्व म्हटले की यांपैकी शेवटचे अंगच डोळ्यांपुढे येते. पण जुन्या शाळेत खरा भर पहिल्या दोहोंवर असे. पूर्वतयारीसाठी पायरीपायरीने चढत जाणारे अभ्यास असत. चौथ्या शतकातील अफ्थोनियस याच्या पुस्तकात असे चौदा अभ्यास आहेत. बोधकथा स्वतःच्या शब्दांत सांगण्यापासून आरंभ होई. मग एखादी आख्यायिका कशी असंभवनीय आहे हे दाखवावयाचे, व लगोलग ती कशी संभवनीय आहे हेही दाखवावयाचे. पुढे स्तुती, निंदा, तुलना, वर्णन. आणि एखाद्या पौराणिक पात्राच्या तोंडी त्या प्रसंगास शोभेल असे भाषण घालणे. ऑगस्टिनने पोरवयात जूनो देवीचा संताप गद्यात बोलून दाखविला होता. ट्रॉयच्या लोकांस इटलीत उतरू देणे तिला भाग पडले, त्या वेळचा तो संताप. आणि सोबत्यांपेक्षा त्यासच अधिक वाहवा मिळाली होती.

या सर्व अभ्यासांत दोन गोष्टी मुलाच्या अंगवळणी पडत. एक, आपल्या मताविरुद्धचे म्हणणेही त्याच्या पूर्ण बळानिशी मांडता येणे. आणि दुसरी, परक्याच्या मनात शिरून तेथून बोलणे. दोन्ही सवयी जितक्या मोलाच्या तितक्याच धोक्याच्या आहेत. पहिलीतून न्यायबुद्धी उपजते, तसाच निर्ढावलेला वकीलही उपजतो. दुसरीतून सहानुभूती उपजते, तसाच ढोंगीपणाही.

धर्मनिष्ठ ख्रिस्ती आईबापांस यात आणखी एक अडचण होती. या शाळेतील देव होमर-व्हर्जिलचे, म्हणजे त्यांच्या दृष्टीने खोटे. तरीही ते आपली मुले तेथेच पाठवीत, कारण दुसरी शाळा नव्हती. ही विद्या आपणांस किती हवी आहे हे त्यांस कळले ते एका शत्रूमुळे. ३६२ मध्ये सम्राट ज्युलियनने ख्रिस्ती शिक्षकांस हे विषय शिकविण्याची मनाई केली. ज्यांचा होमरच्या देवांवर विश्वास नाही त्यांनी होमर शिकवू नये, असा त्याचा युक्तिवाद होता. आणि तो वरवर पाहता बिनतोड आहे. रोममधील प्रख्यात वक्तृत्वाचार्य मारियस व्हिक्टोरिनस याने धर्म राखला आणि अध्यापन सोडले. पुढल्याच वर्षी ज्युलियन लढाईत पडला व ती मनाई फार काळ टिकली नाही. पण व्हिक्टोरिनसची ही गोष्ट ऐकूनच आपले मन हेलावले, असे ऑगस्टिन सांगतो. एकाने आज्ञेमुळे अध्यापन सोडले, दुसऱ्याने वीसएक वर्षांनी आपण होऊन.

आता आश्चर्य असे की, ज्याने हे अध्यापन सोडले त्यानेच त्या विद्येस ख्रिस्ती शाळेचे दार उघडून दिले. आफ्रिकेतील हिप्पो येथे बिशप झाल्यावर ३९६ च्या सुमारास ऑगस्टिनने 'ख्रिस्ती शिकवणुकीविषयी' हा ग्रंथ हाती घेतला. तो अर्धाच राहिला होता. तीस वर्षांनी, ४२६ च्या सुमारास, त्याने तो पुरा केला आणि त्याचे चौथे पुस्तक सर्वस्वी वक्तृत्वास दिले. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: ही कला खऱ्याच्या बाजूनेही वापरता येते आणि खोट्याच्याही. मग असत्याच्या कैवाऱ्यांनी श्रोत्यांस हसवावे, रडवावे, चेतवावे, आणि सत्याच्या कैवाऱ्यांनी मात्र ऐकणारा पेंगू लागेल असे बोलावे, हा कोठला न्याय? नियम शिकावयाचे तर ते तरुणपणी, जलद शिकता येतात तेव्हाच शिकावे. वय झालेल्याने त्यांपायी वेळ न दवडता उत्तम वक्त्यांचे वाचावे व ऐकावे. शिकविणे, रिझविणे आणि हेलाविणे ही वक्त्याची तीन कर्तव्ये त्याने सिसेरोकडूनच घेतली. पण उदाहरणे घेतली ती पॉलच्या पत्रांतून व आमोस या गुराखी प्रेषिताच्या वाणीतून. आणि शेवटी वक्त्याच्या वाणीपेक्षा त्याच्या आचरणाचे वजन अधिक पडते, हे सांगावयासही तो चुकला नाही.

रोमन साम्राज्य मोडले तरी ही चौकट टिकली. मध्ययुगात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्यांस मिळून 'ट्रिव्हियम', म्हणजे त्रिपथ, असे नाव पडले. तथापि त्या काळी तर्काचा बोलबाला झाला, आणि वक्तृत्व बहुतांशी पत्रलेखन व प्रवचन यांपुरते उरले. त्यास पुन्हा प्राण आला तो पंधराव्या शतकात. १४१६ मध्ये पोज्जो ब्राचोलिनी या इटालियन विद्वानास स्वित्झर्लंडमधील सेंट गालच्या मठात क्विंटिलियनच्या ग्रंथाची संपूर्ण प्रत सापडली. पहिल्या शतकातील या रोमन शिक्षकाने वक्त्याचे शिक्षण पाळण्यापासून प्रौढपणापर्यंत वर्णिले आहे. आणि खरा वक्ता आधी सज्जन असला पाहिजे हे केटोचे मत त्याने आपल्या सर्व विवेचनाच्या मुळाशी ठेविले आहे. दोषी मुलास फटके मारण्यासही त्याचा विरोध होता. ख्रिस्ती शिक्षकांस हा परधर्मी गुरू आपल्यातलाच वाटला यात नवल नाही.

शंभर वर्षांच्या आत याची फळे मुलांच्या वह्यांत दिसू लागली. जॉन कॉलेटने लंडनमध्ये स्थापिलेल्या सेंट पॉल शाळेसाठी एरॅस्मसने १५१२ मध्ये शब्दसमृद्धीवर एक पुस्तक लिहून दिले. 'तुमचे पत्र वाचून मला फार आनंद झाला' एवढाच आशय त्याने त्यात शंभराहून अधिक रीतींनी मांडून दाखविला आहे. आज आपणांस हा निव्वळ खेळ वाटेल. परंतु एकच गोष्ट अनेक प्रकारे सांगता येणे म्हणजे समोरच्या माणसास रुचेल तो प्रकार निवडण्याची मोकळीक मिळणे होय. धर्मसुधारणेच्या चळवळीने चर्च दुभंगले. पण ही विद्या दोन्ही बाजूंनी जपली. ल्यूथरचा सहकारी मेलांख्थोन याने वक्तृत्वाची पाठ्यपुस्तके लिहिली. योहान स्टुर्म याने १५३८ मध्ये स्ट्रासबर्गला काढलेल्या शाळेचे ध्येय विवेकयुक्त आणि वाक्पटू अशी धर्मनिष्ठा हे होते.

पण वक्तृत्वास एक संपूर्ण इयत्ता देऊन ती युरोपभर पसरविली ती जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी. त्यांचे बाहेरच्या मुलांसाठी काढलेले पहिले विद्यालय सिसिलीतील मेस्सिना येथे १५४८ मध्ये निघाले. रोमचे विद्यालय १५५१ मध्ये. शिक्षण विनामूल्य असे. अर्धशतकाच्या अनुभवानंतर १५९९ मध्ये त्यांनी आपली अभ्यासव्यवस्था 'रातिओ स्तुदिओरुम' या नावाने कायम केली. तीत व्याकरणाच्या तीन इयत्ता, मग साहित्याची एक, आणि सर्वांवर वक्तृत्वाची. या कळसाच्या इयत्तेत मुलगा साधारणपणे पंधरा-सोळा वर्षांचा असताना पोहोचे. तिचे ध्येय परिपूर्ण वाक्पटुत्व हे असे. त्यात वक्तृत्व व काव्य ही दोन्ही येत, आणि भाषा उपयोगी असावी इतकेच नव्हे तर सुंदरही असावी अशी अपेक्षा असे. नियमांसाठी सिसेरो, क्विंटिलियन आणि ॲरिस्टॉटल. शैलीसाठी मुख्यतः सिसेरो. या तिघांचे सार काढून सिप्रियानो सोआरेस याने लिहिलेले पुस्तक १५६२ मध्ये पोर्तुगालमधील कोइंब्रा येथे छापले गेले, आणि पिढ्यान्पिढ्या हजारो मुलांनी ते घोकले.

या इयत्तेतील दिवस कसा जाई? शिक्षक सिसेरोच्या भाषणाचा एक खंड मोठ्याने वाची. त्याचा आशय सांगे. येथे हाच युक्तिवाद का, हा शब्द येथेच का, हे उलगडून दाखवी. मुले तो भाग पाठ करीत, आणि मग त्याच साच्यात नव्या विषयावर स्वतः लिहीत. लिहिलेले तपासताना शिक्षकाने शक्यतो एकेका मुलास जवळ घेऊन हळू आवाजात चुका सांगाव्या, असा नियम होता. मुलाची अब्रू राखणारा हा नियम आम्हांस त्या सबंध ग्रंथातील मोठ्या मोठ्या तत्त्वांइतकाच मोलाचा वाटतो. याच्या जोडीला चुरस भरपूर. प्रत्येकास एक प्रतिस्पर्धी नेमून दिलेला. वर्गाचे दोन तट, अनेक ठिकाणी एक रोमचा व एक कार्थेजचा. दर दहांवर एक नायक. चुका पकडण्याची लढाई, बक्षीससमारंभ, भिंतीवर लावलेल्या कविता, आणि ठराविक काळाने सर्वांसमोर भाषण. लॅटिन नाटकेही होत. वर्गात मातृभाषा वर्ज्य असे. मुलास शिक्षा करावयाची तर ती पाद्र्याने स्वतःच्या हाताने करू नये. त्यासाठी बाहेरचा माणूस ठेवीत.

या इयत्तेच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तिच्या दारात मुलींस प्रवेश नव्हता. परधर्मी कवींचे ग्रंथ कापूनछाटून मुलांपुढे ठेवीत. आणि सिसेरोच्या अनुकरणाचा अतिरेक झाला म्हणजे वाक्याचा डौल हेच सर्वस्व होऊन बसे. फ्रान्समधील ला फ्लेश येथील विद्यालयात शिकलेल्या देकार्तने १६३७ मध्ये आपली विचारपद्धती मांडताना नेमके यावर बोट ठेविले. वाक्पटुत्वाचा मी आदर करतो, पण ती अभ्यासाने येणारी वस्तू नसून बुद्धीची देणगी आहे. ज्याचे विचार स्वच्छ तो खेडवळ बोलीत बोलला आणि वक्तृत्वशास्त्र कधी शिकला नसला तरी लोकांस पटवील, असा त्याचा अभिप्राय. गंमत अशी की, गुरूंच्या विद्येवरील हा आक्षेप त्याने इतक्या प्रसन्न, सुबोध फ्रेंचमध्ये मांडला आहे की, तो वाचताना त्या विद्येचीच आठवण व्हावी.

या विद्येची कसोटी युरोपातील वर्गांत लागली तशीच आपल्या किनाऱ्यावरही लागली, आणि ती कथा मराठी वाचकांस अधिक जवळची आहे. गोव्यात १५४० नंतरच्या दशकात जेझुइटांकडे आलेले सेंट पॉल विद्यालय प्रसिद्ध आहे; १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना तेथेच चालू झाला. रोममध्ये या पंथात दाखल झालेला टॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यास उतरला आणि पुढली चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, बहुतांशी साष्टीत राहिला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि भाषा मराठी! श्रोत्यास ओळखून बोलावे, त्याच्या कानास जी लय परिचयाची आहे तीत बोलावे, हा वक्तृत्वशास्त्राचा पहिला धडा. स्टीफन्सने सिसेरोचे लॅटिन बाजूस ठेवून ओवीचा छंद आणि पुराणाची बैठक उचलली, आणि मराठीची तोंड भरून स्तुती केली. या शास्त्राचा याहून सुंदर विनियोग आम्हांस ठाऊक नाही.

आणि तरीही त्या ओव्यांमागे एक सावली आहे. ज्या साष्टीत हे पुराण वाचले गेले, तेथील देवळे १५६७ च्या सुमारास राजसत्तेच्या आधाराने पाडण्यात आली होती. धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, १५६० पासून गोव्यात बसली होती. हिंदूंनी ख्रिस्ती प्रवचनास हजर राहिलेच पाहिजे, अशी फर्माने निघाली होती. जुनी पुराणे काढून घेतली गेली. त्यांच्या जागी वाचावयास काही द्यावे, अशी मागणी या काव्याच्या आरंभी श्रोत्याच्याच तोंडी येते. म्हणजे एका हाताने ओवी आणि दुसऱ्या हाताने हुकूम! मन वळविण्याची कला ऐकणाऱ्याचे मन मोकळे आहे असे गृहीत धरते. त्यास 'नाही' म्हणण्याची मुभा नसेल, तर उत्कृष्ट भाषणही हुकुमास लाविलेली झालर ठरते. स्टीफन्सच्या काव्याचा गौरव आम्ही मनापासून करतो, आणि म्हणूनच हा भेद येथे लपवू इच्छीत नाही.

श्रोत्याच्या स्वातंत्र्यावर विश्वास ठेवणे या शाळांस नेहमीच साधले, असे नाही. शिष्याच्या स्वातंत्र्यावर मात्र त्यांनी, कळत असो वा नकळत, फार मोठा विश्वास टाकला. १७०४ ते १७११ या काळात पॅरिसच्या लुई-ल-ग्रां विद्यालयात एक तल्लख मुलगा शिकत होता. वक्तृत्वाच्या इयत्तेत फादर पोरे हे त्याचे शिक्षक. या मुलाने पुढे व्हॉल्टेअर हे नाव घेतले, आणि वर्गात घासून दिलेली तीच लेखणी चर्चच्या सत्तेवर आयुष्यभर चालविली. आपल्या गुरूंच्या मतांची त्याने टर उडविली. पण त्यांच्या शिकविण्याविषयी, विशेषतः पोरे यांच्याविषयी, तो कृतज्ञच राहिला. दोन्ही बाजू मांडावयास शिकविलेला मुलगा एके दिवशी दुसऱ्या बाजूस जाऊन उभा राहील, हा धोका त्या शिक्षणाच्या पोटातच होता. तो टाळावयाचा तर शिकविणेच टाळावे लागले असते.

१७६२ मध्ये पॅरिसच्या न्यायसभेने जेझुइटांची विद्यालये बंद केली आणि १७७३ मध्ये पोपने तो पंथच विसर्जित केला; तो १८१४ मध्ये पुन्हा स्थापिला गेला. पण इयत्तेचे नाव टिकून राहिले. फ्रान्सच्या सरकारी शाळांत 'वक्तृत्वाची इयत्ता' हे नाव १९०२ च्या सुधारणेपर्यंत चालू होते, आणि बेल्जियममध्ये माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षास मुले अजूनही त्याच नावाने ओळखतात. नाव राहिले, आतील विद्या मात्र साहित्याच्या इतिहासात आणि निबंधलेखनात विरघळून गेली.

तिला पुन्हा हाक मारली ती एका स्त्रीने. डोरोथी सेयर्स ही हेरकथांसाठी प्रसिद्ध असलेली, दांतेचा अनुवाद करणारी इंग्रज लेखिका. तिने ऑक्सफर्डला १९१५ मध्ये पहिल्या वर्गात परीक्षा दिली. पण स्त्रियांस पदवी देण्यास तेथे १९२० मध्ये आरंभ झाला, तेव्हा कोठे तिला ती मिळाली. १९४७ मध्ये त्याच ऑक्सफर्डमध्ये शिक्षकांसमोर बोलताना तिने असा प्रश्न केला की, आपण मुलांस इतके विषय शिकवितो, पण शिकावे कसे हे शिकवितो काय? जाहिरात आणि प्रचार यांच्या माऱ्यापुढे ती निःशस्त्र उभी राहतात, हे तिचे दुःख होते. तिने जुन्या त्रिपथाची सांगड वयाशी घातली. नऊ-दहा वर्षांचा मुलगा पोपटपंचीत रमतो. त्यास व्याकरण द्यावे. बारा-तेराव्या वर्षी तो उलट उत्तरे देऊ लागतो. त्यास तर्क द्यावा. चौदा ते सोळा या वयात त्यास स्वतःला व्यक्त करण्याची ओढ लागते. त्यास वक्तृत्व द्यावे. मध्ययुगात या तीन विद्या म्हणजे वयाच्या पायऱ्या नव्हत्या, हे इतिहासाच्या दृष्टीने सांगितले पाहिजे. परंतु मुलाच्या उद्धटपणातही शिक्षणाची एक पायरी पाहणारी ही दृष्टी घरात चौदा वर्षांचा मुलगा असलेल्या कोणत्याही आईबापांस विचार करावयास लावील.

भाषणानंतर तीन-चार दशके तिचा हा विचार बहुतांशी छापील पानांतच राहिला. १९८१ मध्ये अमेरिकेतील आयडाहो संस्थानात मॉस्को नावाच्या गावी 'लोगोस' ही शाळा या धर्तीवर निघाली. पुढे त्या देशात अशा ख्रिस्ती शाळांची एक चळवळच उभी राहिली. त्यांच्या वरच्या इयत्तांत ॲरिस्टॉटल, सिसेरो, क्विंटिलियन आणि ऑगस्टिन यांचे वक्तृत्वविचार पुन्हा वाचले जातात. अशा अनेक शाळांत शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्यास, आणि आता विद्यार्थिनीसही, एखाद्या वादग्रस्त विषयावर प्रबंध लिहून तो सर्वांसमोर मांडावा लागतो आणि परीक्षकांच्या प्रश्नांस उभ्याउभ्या उत्तरे द्यावी लागतात. अफ्थोनियसच्या चौदा पायऱ्यांवरील शेवटून दुसरी पायरी, म्हणजे एखाद्या प्रश्नाची दोन्ही अंगे तपासून निर्णय देणे, ती हीच.

या शाळांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणास त्यांत हरवलेल्या विद्येचे पुनरुज्जीवन दिसते, कोणास केवळ पंथाचे कैवारी घडविण्याचे कारखाने. आमच्या मते याचा निकाल अभ्यासक्रमावरून लागणार नाही. शेवटच्या वर्षीच्या त्या भाषणात मुलगी शाळेस न रुचणाऱ्या निर्णयाप्रत आली, आणि तिने तो निर्णय सचोटीने, विरुद्ध बाजूस न्याय देऊन मांडला, तर समोरचे शिक्षक काय करतात, यावरून तो लागेल. त्यांनी गुण मोकळ्या मनाने दिले, तर तेथे वक्तृत्व शिकविले जाते असे म्हणावे. निर्णय आधीच ठरलेला असेल, तर तेथे केवळ पाठांतर चालते. मग ते पाठांतर सिसेरोचे असले तरी काय झाले?

ऑगस्टिनने जागा सोडली ती शब्दांचा वीट आला म्हणून नव्हे. बोलणारा, ऐकणारा आणि सत्य या तिघांतील प्रामाणिकपणा दरबारात नाहीसा झाला होता, म्हणून. चाळीस वर्षांनी त्याने तीच विद्या तरुणांच्या हाती देण्यास संमती दिली, तेव्हा तिचे धोके त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हते. मुलास बोलावयास शिकविणे म्हणजे एक दिवस त्याचे म्हणणे ऐकून घेण्यास आपण बांधले जाणे होय, मग ते आपल्याविरुद्ध का असेना. ज्या शाळेस, आणि ज्या घरास, हा करार मान्य असेल त्यांनीच ही इयत्ता उघडावी, इतकेच सुचवून आम्ही हा लेख संपवितो.